परकं कोकरू

१

लोकांचं भलं करायला साता समुद्रापलीकडून येणाऱ्या माणसांच्या दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेचं आठवड्याभरात पोट बिघडतं आणि ती परत जाते. दुसरीचं पोट बिघडत नाही, आणि मग उरलेला जन्म ती त्याचंच कौतुक सांगत बसते. प्रियदर्शनी दुसऱ्या तऱ्हेची होती. लेस्टरला जन्मलेली, तेवीस वर्षांची, आईवडील पुण्याचे. मराठी रविवारच्या वर्गात शिकलेलं, त्यामुळे व्याकरण चोख आणि बोलणं बक्षीस समारंभातलं. येलदरी धरणाच्या काठावरच्या एका वस्तीत तीन महिने राहून ती शाळेतल्या पोरांना इंग्रजी शिकवणार होती. ते पोरांना हवं आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. जानेवारीत निम्मी वस्ती ऊसतोडीला गेलेली असते, आणि निम्मी पोरंही आईबापांमागे फडावर. शाळेत उरली होती अकरा.

संस्थेचा जिंतूरचा माणूस रामप्रसाद तिला जीपने सोडायला आला. पाहुणे ठेवून घेणारं घर मिळवताना आपल्या नाकी नऊ येतात, हे त्याने वाटेत दोनदा सांगितलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणून लोक दार लावून घेतात. पण या घरची म्हाळसाबाई स्वतः एसटीने जिंतूरच्या ऑफिसात आली होती, कुणी बोलावलेलं नसताना.

"आमच्याकडं द्या म्हणाली," रामप्रसाद म्हणाला. "पण पोरगीच द्या. वीस-बावीसची. अंगानं बारीक असली तर बरं."

प्रियदर्शनीला हे फार गोड वाटलं. कुणीतरी आपली वाट पाहत असणार, असं धरून चालायची तिला लहानपणापासूनची सवय होती.

घर म्हणजे घरकुलाच्या दोन खोल्या, वर पत्रे, गिलावा फक्त पुढच्या भिंतीला, जिथून फोटो काढला की हप्ता मिळतो. बाजूला जाळी लावून कोंडलेली तीसेक मेंढरं. घरात म्हाळसाबाई, तिचा नवरा येडबा आणि बारा वर्षांची दीपिका. थोरली दिपाली ऊस तोडायला गेली आहे, असं म्हाळसाबाईने सांगितलं, आणि सांगताना चुलीकडे पाहिलं. ताई दूध, दही, तूप काही खात नाहीत, त्यांच्या तत्त्वात बसत नाही, हे रामप्रसादने समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "दूध कुठलं देताव बाई. शेळ्या आटल्यात. मेंढ्यांचं कोकरांलाच पुरंना."

मागची खोली प्रियदर्शनीला दिली. दिपालीची लोखंडी खाट, दिपालीची गोधडी, आणि मागे रानाकडे उघडणारं एक फळ्यांचं दार, त्याला आतून कडी. म्हाळसाबाईने दोनच गोष्टी मागितल्या. दुपारी दोनपासून चारपर्यंत या खोलीत पडून राहायचं, दोन्ही दारं लावून. आणि घरात असताना दिपालीचे कपडे घालायचे.

२

कपड्यांवर तर प्रियदर्शनी खूश झाली. हिरवा पंजाबी ड्रेस, जांभळी ओढणी, दोन्हीला खोबरेल तेलाचा आणि घामाचा शिळा वास. दिपालीने काढून ठेवल्यापासून ते धुतले नव्हते हे उघड होतं. या लोकांना स्वच्छता शिकवायला वेगळी माणसं पाठवावी लागतील, असं तिने मनाशी म्हटलं, आणि तरी ते घालून मेंढरांपुढे उभं राहून फोटो काढला. खाली लिहिलं, त्यांनी मला मुलगी मानलं.

रोज संध्याकाळी म्हाळसाबाई तिच्या डोक्याला दिपालीच्या बाटलीतलं तेल लावायची. तिचे केस दिपालीसारखे मधोमध भांग पाडून बांधायची. हे सगळं करताना ती प्रियदर्शनीच्या तोंडाकडे एकदाही पाहायची नाही. प्रियदर्शनीने त्याला लाजाळूपणा असं नाव दिलं आणि वहीत नोंदवलं.

वहीत आणखी एक नोंद होती. दीपिकाच्या उजव्या कुशीवर आणि दंडावर काळेनिळे डाग होते. विचारलं की पोरगी म्हणायची, पडले. येडबाचे हात पाहून प्रियदर्शनीने निष्कर्ष काढायला वेळ लावला नाही. तिच्याकडे त्यासाठी संस्थेचा छापील फॉर्म होता आणि तो भरताना तिला थोडं बरंही वाटलं. परदेशात येऊन वाईट माणूस सापडला नाही तर आलेलं वाया जातं.

दुपारच्या झोपेबद्दल मात्र वहीत काही नव्हतं, कारण त्यात दूध होतं.

तिसऱ्या दिवशी ती दुपारी उठली तर मागच्या दारापाशी, आतल्या बाजूला, जमिनीवर एक वाटी. स्टीलची, कडेला 'कु. दिपाली' असं टोचून कोरलेलं. वाटीत कोमट दूध, घट्ट, वर साय नाही. सांगितलेलं एक अक्षर या बाईच्या डोक्यात शिरत नाही, असं म्हणत तिने ते न्हाणीत ओतलं. दुसऱ्या दिवशी परत वाटी. ओतायच्या आधी तिने सहज बोट बुडवून चाखलं. चार वर्षं तिने दुधाला तोंड लावलं नव्हतं, लोकांनाही लावू दिलं नव्हतं. त्या दिवशी वाटी रिकामी करून तिने ओढणीने तोंड पुसलं. त्यानंतर ती रोज पीत होती. ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून तिने म्हाळसाबाईलाही काही विचारलं नाही.

एक गोष्ट तिला विचित्र वाटायची, पण गमतीची. दुपारी ती आडवी झाली की पुढच्या खोलीतून म्हाळसाबाई हाक मारायची, "दिपाली, झोपलीस का गं?" एरवी ती तिला म्याडम म्हणायची. दुपारच्या या एका हाकेलाच दिपाली, आणि तीही मोठ्याने, लांबच्या कुणालातरी ऐकू जाईल अशी. म्हातारपणी जीभ चुकते, असं प्रियदर्शनीने ठरवलं. म्हाळसाबाई तेव्हा पंचेचाळीसची होती.

३

सातव्या दुपारी तिला झोप लागली नाही.

वस्तीत पानही हलत नव्हतं. पत्रे उन्हाने मधूनच टिचकत होते. मागच्या दाराखाली दोन बोटांची फट होती, आणि त्या फटीतून उन्हाची पांढरी पट्टी जमिनीवर पडली होती. ती पट्टी आधी दोन जागी तुटली, दाराबाहेर कुणी उभं राहिल्यावर तुटते तशी. मग बाहेरचं जे कोणी होतं ते खाली वाकलं असावं, कारण पट्टी टोकापासून टोकापर्यंत पुसून गेली.

आणि हुंगल्याचा आवाज आला. लांबलचक आत ओढलेला श्वास. तो बाहेर सोडल्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. परत एक श्वास आत. परत एक.

कुत्रं असेल, प्रियदर्शनीने विचार केला. शेळी असेल. शेळ्या सुटलेल्या असतात, या लोकांना साधी दावी बांधता येत नाहीत. विचार अगदी मुद्देसूद होता, फक्त त्याच वेळी तो आवाज दारापासून निघाला आणि भिंतीच्या पलीकडून, विटांच्या कडेकडेने सरकत, तिच्या उशाशी येऊन थांबला. मध्ये नऊ इंचांची भिंत होती. तरी तिच्या कपाळावरचे तेल लावलेले केस श्वासाबरोबर भिंतीकडे ओढले गेले.

पुढच्या खोलीतून म्हाळसाबाईचा आवाज आला, घाईने, पण गोड करून. "दिपाली, झोप माय."

हुंगणं थांबलं. मग भिंतीपलीकडे कुणीतरी घशातल्या घशात गुरगुरलं. रागाचं नव्हे. हलकं, थरथरतं, समाधानाचं. प्रियदर्शनी हलली नाही. पट्टी पुन्हा पांढरी झाली तेव्हा साडेतीन झाले होते, आणि दारापाशी वाटी होती. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती. पुढच्या दाराचीही.

ती उठली, बराच वेळ दोन्ही कड्यांकडे पाहत राहिली. पुढच्या दाराची कडी सैल आहे, बाहेरून काठी घालून काढता येत असेल, असं तिने ठरवलं. विद्यापीठात शिकलेल्या माणसाला अशा वेळी कारण सापडतंच. मग ती दूध प्यायली.

४

दहाव्या दिवशी सकाळी मेंढरांत गडबड झाली. रात्री एका मेंढीचं कोकरू मेलं होतं, आणि दुसरी एक मेंढी कोकराला जन्म देऊन स्वतः गेली होती. म्हणजे एक आई लेकराविना, आणि एक लेकरू आईविना. प्रियदर्शनी हिरव्या ड्रेसमध्ये, गळ्यात जांभळी ओढणी, मोबाईल घेऊन चित्रफीत काढायला आली. सोपं आहे, याला तिला द्या, असं तिने येडबाला सुचवलं. चार पिढ्या मेंढरं राखलेल्या माणसाला असं सुचवायला उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचीच हिंमत लागते.

येडबाने कोकरू मेंढीपुढे सोडलं. मेंढीने एकदा हुंगलं आणि मान खाली घालून अशी ढुशी मारली की कोकरू जाळीवर आपटलं. ते उठून परत गेलं. परत ढुशी, या वेळी कुशीत. येडबाने त्याला उचलून घेतलं.

मग त्याने मेलेल्या कोकराचं कातडं सोललं. सदरा काढावा तसं, पायांची भोकं शाबूत ठेवून. ते ओलं कातडं त्याने जित्या कोकराच्या अंगावर चढवलं, चारही पाय भोकांतून बाहेर काढले आणि पोटाखाली सुतळीची गाठ मारली. आपल्याला किळस आली हे चित्रफितीत दिसावं म्हणून प्रियदर्शनी एकदा मोबाईलमध्ये बघून तोंड वाकडं करणार होती, पण तेवढ्यात मेंढी पुढे आली.

मेंढीने कोकराची शेपटी हुंगली. लांबलचक श्वास आत. परत एक. आणि मग तिच्या घशातून तो आवाज आला. हलका, थरथरता, समाधानाचा. तिने कोकराला कपाळापासून चाटायला सुरुवात केली, आणि कोकरू शेपूट हलवत तिच्या कासेला लागलं.

प्रियदर्शनीचा मोबाईल खाली आला. तिने विचारलं, "तिला कळत नाही का?"

"कळत आसंल," येडबा म्हणाला. "पर तिला पान्हा आलाय. कुणीतरी पाहिजेच. न्हाईतर जवळ जाईल त्या कोकराला ढुशा मारमारून मारती."

"हे कातडं किती दिवस?"

"तीन-चार दिस. मंग काढून टाकायचं. तिचं दूध पोटात गेलं की वास आतून येतंय. मंग कातड्याचं काम न्हाई."

बोलता बोलता त्याची नजर दाराकडे गेली. दारात दीपिका उभी होती, उजवी कूस हाताने धरून. प्रियदर्शनीने आपल्या अंगावरच्या हिरव्या ड्रेसकडे पाहिलं. गळ्याशी बांधलेल्या ओढणीच्या गाठीला तिचा हात गेला, आणि ती गाठ तिला पटकन सुटेना.

५

म्हाळसाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. प्रियदर्शनी तिच्यासमोर उभी राहिली. आपला आवाज थरथरतोय याचा तिला राग आला, आणि तो राग तिने समोरच्या बाईवर काढला. तुम्ही अडाणी आहात, तुम्ही मला फसवलंत, मी पोलिसांत जाईन, असं बरंच काही ती बोलली. म्हाळसाबाईने हाताला लागलेलं पीठ परातीत झाडलं आणि खरं ते सांगितलं. दिपाली ऊस तोडायला गेली नव्हती. ती दसऱ्याला तापाने गेली, त्याच खाटेवर.

"दुपारी कोण येतं?" प्रियदर्शनीने विचारलं.

"दिपाली तान्ही होती तवापून येतंय. आमी कवा बघितलं न्हाई. तिला कदी काई केलं न्हाई बाई, लय जीव लावायचं. ती गेली अन् मंग दीपिकाला मारायलंय." ती पहिल्यांदा प्रियदर्शनीच्या डोळ्यांत पाहत होती. "माझी ही एकच ऱ्हायली. मी काय करू? दुसरीकडं पाठवली तर तिथं बी मागं जातंय."

"म्हणून मला आणलंत?"

"तुला मारणार न्हाई," म्हाळसाबाई म्हणाली. "तुला लय जीव लावंल."

तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता, आणि लाजही फारशी नव्हती. प्रियदर्शनीला तिची भयंकर घृणा वाटली. एवढी की थोडा वेळ भीतीही मागे पडली. जाता जाता, जणू त्या बाईला निरुत्तरच करायचं म्हणून, ती म्हणाली, "आणि दूध देणार नाही म्हणून सांगून रोज वाटी ठेवत होतात ती?"

म्हाळसाबाईचा हात परातीतच थांबला.

"कसलं दूध?"

प्रियदर्शनीने ओढणीने ओठ पुसले. म्हाळसाबाई तिच्या ओठांकडे पाहत राहिली. मग तिने सुस्कारा सोडला, पदराने डोळे पुसले आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं. चिडलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही.

६

दुसऱ्या दिवशी दीडची एसटी होती. तोवर प्रियदर्शनी मागच्या खोलीत गेली नाही. रात्री ती शाळेच्या ओट्यावर बसून राहिली, सकाळी हापशावर साबणाने दोनदा आंघोळ केली, केसांतलं तेल खरवडून काढलं आणि अंगणातल्या दोरीवर वाळत असलेले आपले कपडे घातले. बॅग घ्यायला घरी आली तेव्हा म्हाळसाबाई मेंढरांकडे होती. पुढच्या खोलीत दीपिका चटईवर झोपली होती, दुखऱ्या कुशीवर भार न देता, डाव्या अंगावर.

हिरवा ड्रेस आणि ओढणी प्रियदर्शनीच्या हातात होती. ती खुंटीला अडकवता आली असती. चुलीत घालता आली असती. सव्वा वाजला होता, दोनला पाऊण तास होता, आणि येणाऱ्याला कुणीतरी पाहिजेच. तिने ड्रेस उशाशी ठेवला, ओढणी उलगडली आणि झोपलेल्या पोरीच्या अंगावर घातली, गळ्यापर्यंत नीट ओढून घेतली. थंडी आहे, तिने स्वतःला सांगितलं. उन्हाने अंगणातले दगड तापले होते. अकरा पोरांचं कल्याण करायला आलेली ही मुलगी, त्यांतल्या एकीचं पांघरूण सारखं करून, पावलं न वाजवता बाहेर पडली.

जिंतूरला तिला परभणीची गाडी लगेच मिळाली. खिडकीशी बसून तिने पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. घरी गेल्यावर हे कसं सांगायचं याची जुळवाजुळवही सुरू केली. ओढणीचा भाग वगळता येण्यासारखा होता. बोरीला पोचायच्या आधी रामप्रसादचा फोन आला. तो रागावलेला असेल असं तिला वाटलं होतं, पण तो गोंधळलेला होता.

"मॅडम, म्हाळसाबाईचा फोन आलता," तो म्हणाला. "रडायलत्या, पण आनंदानं. दीपिका म्हणे दोनपासून मागच्या खोलीत एकटी खेळायलीय अन् काहीच झालं न्हाई. तुमचे लय उपकार म्हणाल्या. काय केलं तुम्ही?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् तुम्ही दिपालीचे कपडे ठेवून गेलात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या. आता कपड्याचं काम न्हाई म्हणे. मला तर काही कळलं न्हाई."

फोन बंद झाला. गाडी बोरीच्या थांब्यावर उभी राहिली आणि बाजारची माणसं लोटालोटी करत आत शिरली. प्रियदर्शनीशेजारची जागा रिकामी होती. एक बाई पिशवी पोटाशी धरून तिथे टेकली आणि लगेच उठली. कुशीला हात लावून, काय टोचलं म्हणून तिने सीट चाचपली. मग प्रियदर्शनीकडे एकदा पाहून ती मागे सरकली आणि दांडी धरून उभी राहिली. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी त्या जागेवर दुसरं कुणी बसलं नाही.

प्रियदर्शनीने मनगट नाकाशी नेलं. साबणाचा वास येत होता. त्याच्या खाली, कातडीच्या आतून, कोमट आणि गोडसर, दुसरा एक वास येत होता. तीन-चार दिस, येडबा म्हणाला होता. ती सहा दिवस दूध प्यायली होती.

बाहेर तुरीच्या रानांवर लख्ख ऊन होतं. तिच्या मांडीवरचं ऊन आधी दोन जागी तुटलं, मग सगळंच पुसून गेलं. कानाशी लांबलचक श्वास आत ओढला गेला. कपाळापासून मागे, ओलसर आणि खरखरीत, तिचे केस कुणीतरी सावकाश सारखे केले. घशातल्या घशात ती गुरगुर सुरू झाली, इतक्या जवळ की तिच्या दातांना कळली.

ओरडायला तिने तोंड उघडलं होतं. ते उघडंच राहिलं आणि मान आपसूक वर झाली. तीन वाजून गेले होते, आणि तिला फार भूक लागली होती.